लीलाला काही ठेवलेले नाही

मी, वनमाला कान्होजीराव वाबळे, वय एकाहत्तर, धंदा पत्र्याचे डबे करणे, राहणार शिंदे की छावनी, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. मला दडपणारे माणूस आमच्या सासूबाईंनंतर या घरात झालेले नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्र्याच्या भावावरून घासाघीस करून पाहावी.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. इतक्या वेळा म्हणतात की मला घाबरावेसे वाटू लागले आहे. म्हणून ही तजवीज.

कलम १. साक्षीदारांबद्दल आधी लिहिते, कारण त्यात माझा हेतू आहे. वकील अंबरीश यांनी मला समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे कोर्टात भांडणे लागतात. मी हे नीट लक्षात ठेवले. मला असा अर्थ दिसला की ज्याला काहीही मिळू नये असे वाटते, त्याला साक्षीदार करून टाकावे. म्हणून माझी पहिली साक्षीदार माझी धाकटी जाऊ लीला संभाजीराव वाबळे, राहणार दौलतगंज. सगळे शहर तिला लीलाताई म्हणते. मी लीला म्हणते, मी थोरली आहे. अंबरीश असेही म्हणाले, की साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर ऐकायची गरज नसते. पण तो मी तिला वाचून दाखवणार आहे. दुसरा साक्षीदार हेमेंद्र, ज्याच्याबद्दल पुढे येईल.

कलम २. राहते घर, वरचा मजला आणि गच्चीसह, माझा मुलगा पुष्कर याला. तो नोएडाला असतो आणि दिवाळीला येऊन घराकडे दलालासारखे बघतो. तरी मुलगा आहे, घर त्याचेच. बँकेत जे काही असेल ते आधी दवाखान्याचे बिल भागवून मग त्याला.

कलम ३. दागिने. बांगड्या आणि पाटल्या सून गरिमाला. मोत्यांची नथ पुष्करची मुलगी अंतरा हिला, जी शिक्षणासाठी म्हणून माझ्याकडे आली आणि राहिली. राहिली माझी ठुशी. ही ठुशी लीलाने एकदा एका लग्नात घालायला मागून नेली होती, आणि मांडवातल्या झाडून सगळ्या बायका म्हणाल्या, की ठुशी शोभावी तर लीलाताईंच्या गळ्यात. त्यानंतर मी ती घातलेली नाही. ती मोडून अंतराने स्वतःसाठी अंगठ्या कराव्यात.

कलम ४. आमच्या घराण्याची तलवार. मूळ पुरुष शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आला तेव्हाची म्हणतात. घरे वाटली गेली तेव्हा दौलतगंजचे घर धाकट्यांना मिळाले, आणि छावणीतले घर, मागची शेड व तलवार थोरल्यांना. खंडेनवमीला तिची पूजा थोरल्या सुनेने करायची, असा रिवाज. आमचे हे गेल्यावर काही म्हाताऱ्या म्हणाल्या, आता वनमालाने ताट धाकटीकडे द्यावे, तिचा नवरा आहे. मी दिले नाही. तिचा नवरा आहे हे मला दररोज दिसते, त्यासाठी खंडेनवमी कशाला पाहिजे? तलवार पुष्करला. नोएडाच्या फ्लॅटमध्ये ती कुठे लावायची ते त्याचे त्याने बघावे.

कलम ५. मागची शेड, त्यातली पॉवर प्रेस, पत्रा कापायचे यंत्र, सगळे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, आणि हत्यारे. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

मी इथल्याच किला गेटची, अकरावी पास. लीला इंदूरची, बी. ए. मी आले त्याच वर्षी यांनी मला प्रेसवर बसवले, कारण थंडीत गजकवाल्यांची, म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत गजक विकणाऱ्यांची, डब्यांची मागणी पुरी होत नसे. लीला आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, शिकलेली आहे, हिला पत्र्यात नको घालायला. तिने उद्योग खात्यात नोकरी धरली. मी संध्याकाळी बोटांतली पत्र्याची कुसळे काढत बसायची आणि ती पंख्याखाली बसून ऑफिसात आलेली चिठ्ठी, गेलेली चिठ्ठी अशा गोष्टी सांगायची. माझे यजमान सुद्धा तिच्याकडून श्रीखंड आले की वाटी पुसून खात आणि म्हणत, वा. माझ्या डब्यांना त्यांनी कधी वा म्हटले नाही. डबा बंद झाला की ते फक्त कानाशी धरून हलवून बघत.

हे गेले. मग प्लॅस्टिक आले, पुठ्ठा आला, गजकवाल्यांनी टिनाकडे पाठ फिरवली. अर्धी शेड रिकामी झाली. तेव्हा हा हेमेंद्र एक ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, काकू, ऐकलंय तुमच्याकडे जागा आहे, भाडं आत्ता नाही देऊ शकणार. मी त्याला पूर्वेकडचा कोपरा दिला. आज त्याच्या कारखान्यातले दिव्याच्या खांबांचे हात अर्ध्या शहरात लागले आहेत.

त्याच्यानंतर कोपरा कधी रिकामा राहिला नाही. ई-रिक्षाचे हुड करणारे दोघे भाऊ आले. उन्हात भाज्या वाळवायच्या जाळ्या करणारी एक बाई आली. दगडाच्या भुकटीच्या फरश्या करणारा आला, त्याने माझा खोकला वाढवला. नियम माझे. भाडे नाही. आपली जागा आपण झाडायची. दुसऱ्याच्या हत्याराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काय चुकते ते मी सांगणार आणि ते ऐकून घ्यायचे. पहिला धड बनलेला नग खंडेनवमीला तलवारीशेजारी ठेवायचा, त्याला हळदकुंकू मी लावणार. पहिली ऑर्डर पुरी झाली की निघायचे, म्हणजे पुढच्याला जागा. दसऱ्याला ही सगळी पोरे सोने घेऊन येतात, तेव्हा गल्लीत गाड्या लावायला जागा राहत नाही.

आणि नाव कोणाचे होते? लीलाचे. ती निवृत्त झाली तशी तिला स्टार्टअपवाल्यांच्या केंद्रात सल्लागार म्हणून बोलावले. काचेची केबिन, एसी, भिंतीवर यशोगाथा नावाखाली फोटो. त्यात माझ्या कोपऱ्यातून गेलेली सगळी पोरे आहेत आणि प्रत्येक फोटोत बाजूला लीला उभी आहे, पदर सरळ करून. ती भाषणे देते. लहान उद्योगांना हात दिला तर सगळ्या भागाचा उद्योग उभा राहतो, असे सांगते. बरोबरच आहे. पण हात दिला तो कोणाचा? तिच्या हाताला साधा ओरखडासुद्धा नाही.

आता अंतरा. गजक सादळते म्हणून थंडी सरली की तिचा धंदा मिटतो, हे इथले शेंबडे पोरही जाणते. अंतराने ठरवले, असा डबा करायचा की पावसाळ्यात सुद्धा मुंबईला गजक पाठवली तर कुरकुरीत पोचावी. कोपरा घेतला. नातीलाही नियम तेच होते. झाकणाची कड आत वळवून तिच्यावर पुन्हा घडी घालायची, ही युक्ती माझी. त्याचा डाय मी केला, बिघडला, परत केला. पाण्याच्या बादलीत डबे बुडवून आम्ही दोघी बुडबुडे बघत बसायचो. पहिला डबा बुडबुडा न येता पाण्याखाली राहिला तेव्हा पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली.

गेल्या भाद्रपदात तिला पुरस्कार मिळाला. मोठा हॉल, मी पहिल्या रांगेत, शेजारी दीर संभाजीराव. अंतरा माइकवर म्हणाली, "सबसे पहले मेरी गुरु, मेरी लीलाआजी." लीला उठून उभी राहिली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या, कारण संभाजीराव माझ्याकडे बघत होते. मी जळले. दुसरा शब्द शोधत बसत नाही. बसल्या जागी जळले आणि समोसा खाऊन घरी आले.

घरी विचारले तर अंतरा म्हणते, "अरे आजी, लीलाआजीने लोन करवून दिलं, दौलतगंजच्या दुकानांत फिरली माझ्यासोबत. उनको तो बोलना पड़ता है ना. तू तो घर की है. घरच्यांना थोडीच थँक यू म्हणतात?"

मी घरची. प्रेससुद्धा घरचीच आहे.

अंतराचे काम आता वाढले, ती पुढच्या महिन्यात मोठ्या जागेत चालली. कोपरा चालवणे तिला जमणार नाही, तसे तिने प्रेमाने सांगितले. पुष्करचे म्हणणे असे, की समोर मॅरेज गार्डन झाले आहे, शेड पाडून पार्किंग केले तर लग्नसराईत रांग लागेल. शेड टिकवील, कोपरा चालवील, चार ठिकाणी शब्द टाकील असे माणूस आमच्या नात्यात एकच आहे. ते कोण हे मला माहीत आहे आणि म्हणूनच लिहिते: शेड पुष्करला द्यावी. पाडायची असेल तर पाडावी. लीलाच्या हातात जाण्यापेक्षा तिथे वरातीच्या गाड्या लागलेल्या बऱ्या. पाडेपर्यंत कोपरा कोणाला द्यायचा झाला, तर लीलाने किंवा तिच्या केंद्राने पाठवलेल्या कोणालाही देऊ नये.

कलम ६. लीलाला काही ठेवलेले नाही. हे विसरून झालेले नाही, हे कळावे म्हणून वेगळे कलम केले आहे.

येथपर्यंत लिहून झाले होते. आज रविवारी सकाळी लीला आणि हेमेंद्र सहीला आले. पुढचा मजकूर ते आल्यानंतरचा आहे. अंबरीश म्हणतात, नव्या कागदावर सगळे स्वच्छ उतरवून काढा. मी काढणार नाही. रद्द केलेल्यावर रेघ मारून शेजारी सही करते. काय होते आणि काय झाले, दोन्ही दिसले पाहिजे.

मी सगळे वाचून दाखवले, श्रीखंडासकट. लीला पंख्याकडे बघत ऐकत होती. कोपऱ्याची अट वाचली तसा हेमेंद्र खुर्चीत चुळबुळला.

"काकू, ये तो गड़बड़ हो जाएगी."

"कसली गडबड?"

"मग तर आम्ही कोणीच नसतो आलो इथं."

"म्हणजे?"

त्याने लीलाकडे पाहिले. लीला अजून पंख्याकडेच बघत होती. "मला ताईंनीच पाठवलं होतं. मी त्यांच्या ऑफिसात फॉर्म घ्यायला गेलो होतो. तर बोलल्या, फॉर्म नंतर भर, आधी छावणीत जा, माझ्या जाऊबाईंकडे जागा आहे. बस, मेरा नाम मत लेना."

मी विचारले, "आणि ते रिक्षाच्या हुडवाले?"

"वो भी."

"ती जाळ्यांवाली?"

"सगळेच, काकू. सबको यही बोला, नाम मत लेना."

माझ्या छातीत त्या वेळी जे झाले ते डॉक्टरांना सांगण्यासारखे नव्हते. माझे म्हणून एवढे एकच होते. ती काचेच्या केबिनमध्ये बसो, हारतुरे घेवो, पण कोपरा माझा, पोरे मला शोधत आली, असे मी धरून बसले होते. तेही तिनेच वाटलेले निघाले.

मी म्हटले, "का केलंस?"

"मी काय देणार होते त्यांना, वहिनी? कागद. कागदावर प्रेस थोडीच चालते? जागा तुमच्याकडे होती, हात तुमच्याकडे होता."

"मग नाव का लपवलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं."

"लावलंच असतं," मी म्हटले, कारण ते खरे आहे.

मला वाटले ती आता हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला आणि ती असे काही बोलली की मी ते लगेच या कागदाच्या मागच्या बाजूला टिपून घेतले. तेच इथे उतरवते.

"मोठ्ठं मन म्हणून नाही केलं मी, वहिनी. पहिल्यांदा केलं ते या हेमेंद्रची दया आली म्हणून. नंतर तर पाठवायची आणि जळायची. माझ्याकडे येतात ते शिक्क्यासाठी. शिक्का मिळाला की गेले, वळून नाही बघत कोणी. आणि तुमच्याकडे? तुम्ही त्यांना शिव्या देता, झाडू मारायला लावता, आणि दसऱ्याला गल्लीत गाड्या मावत नाहीत. मी फोटो लावून राहिलेय भिंतीवर, कारण दुसरं आहे काय माझ्याकडे? या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून खंडेनवमीला मी उंबऱ्याशी उभी राहते. तुम्ही त्यांच्या नगांना कुंकू लावता आणि मी बघते. एकदा सुद्धा करंडा नाही धरायला दिलात तुम्ही मला. आणि अंतरा. तिने माझं नाव घेतलं स्टेजवर, मला वाटलं जिंकले मी. खाली उतरून पहिलं काय विचारलं तिनं? आजी कुठं आहे, आजी ने कुछ खाया क्या."

हेमेंद्र चष्मा पुसत राहिला. मी पाणी प्यायले.

लीला माझ्यावर जळत होती. बी. ए. झालेली, एसीतली, नवरा असलेली लीला इतकी वर्षे माझ्यावर जळत होती आणि मला कोणी सांगितले नव्हते. हे ऐकून मला किती बरे वाटले ते या कागदात नोंदवून ठेवते. शस्त्रक्रियेने याहून जास्त बरे वाटेल असे मला वाटत नाही. मी तिची माफी मागितलेली नाही आणि तिनेही माझी मागितली नाही. मी फक्त चहा टाकला आणि तिला आवडतो तसा आल्याचा टाकला.

कलम ७. कलम ५ मधील शेवटचा परिच्छेद आणि कलम ६ संपूर्ण रद्द. त्याऐवजी असे: शेड, प्रेस, यंत्रे, डाय व हत्यारे लीला संभाजीराव वाबळे हिला, आणि तिच्यानंतर अंतराला. तोवर अंतराचे नवे काम मार्गी लागलेले असेल आणि तिला कोपऱ्याची किंमत कळलेली असेल. विकायची नाही, पाडायची नाही. पुष्करने मॅरेज गार्डनवाल्यांना दुसरी जागा दाखवावी.

अटी अशा. पूर्वेकडचा कोपरा नव्याने धंदा सुरू करणाऱ्यासाठी मोकळा राहील. नियम वर लिहिले तेच. लीलाने पोरांना पाठवताना यापुढे स्वतःचे नाव सांगावे. परंतु शेडच्या दारावर माझे नाव वर आणि तिचे खाली. तिच्या केबिनच्या भिंतीवरचे फोटो राहू द्यावेत, मात्र एक फोटो माझाही लावावा, प्रेसवर बसलेला, आणि त्यात शेजारी कोणी उभे नसावे. लीलाने रोज निदान एक डबा स्वतः दाबावा. ओरखडे आले तर येऊ द्यावेत. मला ते बघायला मिळणार नाहीत याचेच वाईट वाटते.

कलम ८. तलवार नोएडाला जाणार नाही, शेडमध्येच राहील. खंडेनवमीची पूजा माझ्यानंतर लीलाने करावी. माझ्यानंतर, हे अधोरेखित केले आहे. मी शस्त्रक्रियेतून उठले तर ताट मीच धरणार. करंडा तिने धरावा.

कलम ९. ठुशी मोडू नये. लीलाला द्यायची नाही, ती अंतराला. अंतराने ती कधी तिच्या लीलाआजीला एखाद्या लग्नात घालायला दिलीच, तर बघून जळायला मी तिथे नसेन, तेव्हा माझी हरकत नाही.

कलम १०. अंतरासाठी मालमत्तेशिवाय एक सूचना. बाळ, घरच्यांनाही थँक यू म्हणत जा. घरचे मरतात.

या सगळ्याची अंमलबजावणी अंबरीश वकिलांनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. सगळे वाचून, समजून आणि चहा पिऊन सही करत आहे.

ठिकाण : शिंदे की छावनी, लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५

(सही) वनमाला कान्होजीराव वाबळे

वरील बाईंनी आमच्यासमोर सही केली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार
१. ~~सौ. लीला संभाजीराव वाबळे, दौलतगंज~~
२. (सही) हेमेंद्र
३. (सही) उषाताई, शेजारचे घर, कणीक मळता मळता बोलावून आणल्या

पहिल्या साक्षीदाराच्या नावावरची रेघ माझ्या हातची आहे. लीला टोपण काढून सहीला बसली होती. मी पेन तिच्या हातातून काढून घेतले आणि तिला सांगितले की तुला आता सही करता येणार नाही, तुझ्या नावे काहीतरी निघाले आहे.

(सही) वनमाला